रेकॉर्ड जितकी पुसाल तितकी जास्त तडतडते, असं का?

(टर्नटेबल सुरू. दहा-बारा सेकंद काहीच बोलायचं नाही, फक्त रेकॉर्डचा आवाज.)

ऐकलंत? गाणं अजून सुरूही झालेलं नाही. ही सुरुवातीची कोरी खाच आहे, आणि तेवढ्यातच तीन वेगळ्या तक्रारी ऐकू आल्या. एक बारीक, सतत चाललेली खरखर. दुसरा मधूनच, कधीही फुटणारा 'चट्ट' असा आवाज. आणि तिसरा 'टक्', जो घड्याळ लावल्यासारखा परत परत येतोय. आपण तिन्हींना मिळून 'रेकॉर्ड खराब झाली' म्हणतो आणि हाताशी असेल ते फडकं उचलतो. आजचा व्हिडिओ त्या फडक्याच्या विरोधात आहे.

नमस्कार मंडळी. फडकं बाजूला ठेवा आणि आधी आजार ओळखू या.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डला साधारण 1.33 सेकंद. जो 'टक्' बरोबर 1.8 सेकंदांनी परत येतो, तो बहुतेक वेळा खाचांना आडवा गेलेला ओरखडा असतो, कारण सुई प्रत्येक फेऱ्यात तोच ओरखडा ओलांडते. आता एक छोटी परीक्षा करा. रेकॉर्डचा एकच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोनदा वाजवा आणि कुठे कुठे आवाज आले ते कागदावर लिहा. दोन्ही वेळा त्याच जागी आवाज आला तर तिथे कचरा आहे किंवा इजा. जागा बदलली तर ती स्थिर वीज, म्हणजे आपल्या बोलीत स्टॅटिक. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती न करता लोक एकामागून एक ब्रश विकत घेत बसतात.

स्टॅटिकचा आवाज मुळात येतो कसा? कार्ट्रिज म्हणजे सुई जिथे बसवलेली असते आणि तिच्या थरथरीची वीज होते तो भाग. साध्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून बाहेर पडणारा सिग्नल फार तर तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो. फोनो स्टेज तो शंभरेक पट वाढवतो, आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर आहेच. अशा नाजूक तारांच्या शेजारी एखादी ठिणगी पडली, अगदी डोळ्यांना न दिसणारी, तरी स्पीकरमधून ती चाबकासारखी कडाडते. हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावल्यावर चटका बसतो ना, तो तुम्हाला जाणवतो तेव्हा अंगावर दोन-तीन हजार व्होल्ट तरी साठलेले असतात. रेकॉर्डवरही हाच प्रकार होतो.

(रेकॉर्ड पाकिटातून काढताना, क्लोजअप.)

आता हे बघा. मी रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटातून सर्रकन ओढली. हाताच्या मागच्या बाजूची लव उभी राहिली. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घासून दूर झाले की एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. कोणाकडून कोणाकडे, याचा एक ठरलेला क्रम असतो. त्या क्रमात विनाइल, म्हणजे पीव्हीसी, पार घेणाऱ्यांच्या टोकाला बसलंय. कागद, सुती कापड, लोकर, आपली कातडी, कशालाही घासलं तरी ते इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि सोडत नाही. वर ते वीजरोधक आहे. धातूच्या ताटलीवर असा भार, म्हणजे साठलेली वीज, असता तर एका जागी बोट लावून सगळा उतरवता आला असता. रेकॉर्डवर तसं होत नाही. बोट लावलं ती जागा मोकळी होते, आणि दोन बोटं पलीकडे भार जिथल्या तिथे असतो.

म्हणून कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. धूळ दिसली, पुसली. पुसल्याने भार वाढला. वाढलेल्या भाराने हवेतली आणखी धूळ ओढली. दहा मिनिटांनी बघावं तर आधीपेक्षा जास्त.

ही कटकट विनाइलबरोबरच आली. 1948 साली कोलंबियाने एलपी बाजारात आणली, त्याआधीच्या 78 च्या तबकड्या मुख्यतः लाखेच्या असत. लाखेच्या तबकडीची स्वतःचीच खरखर इतकी होती की धुळीची वेगळी कोण ऐकणार! विनाइलचा पृष्ठभाग शांत, आणि शांत खोलीत कुजबुजसुद्धा ऐकू येते. कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. आरसीए व्हिक्टरने तर आपल्या रेकॉर्डमध्येच 317एक्स नावाचं स्टॅटिकविरोधी द्रव्य मिसळून त्याची जाहिरात केली होती.

धुळीचं काय? एलपीची खाच वरच्या बाजूला साधारण माणसाच्या केसाइतकी रुंद असते, पन्नासेक मायक्रॉन, कुठे जास्त कुठे कमी. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या 15 ते 18 मायक्रॉन. या गल्लीत कपड्याचा एक तंतू किंवा मातीचा कण आला की सुईच्या दृष्टीने तो रस्त्यातला धोंडा. सुईवर वजन दीड-दोन ग्रॅमच दिसतं, पण ती ज्या ठिपक्यावर टेकते तो इतका लहान असतो की तिथला दाब प्रचंड होतो. त्या दाबाखाली वाळूचा कण विनाइलच्या भिंतीत रुतून बसू शकतो. मग ती धूळ राहत नाही, तो कायमचा 'टक्' होतो. 'वाजवता वाजवता सुईच साफ करेल' असं कुणी म्हणालं तर मान हलवा आणि रेकॉर्ड मात्र त्याच्या हातात देऊ नका.

तेव्हा आधी वीज उतरवायची, मग धूळ काढायची. माझं सगळं म्हणणं या क्रमातच आहे. उलट केलंत तर झाडलेली धूळ परत चिकटते, किंवा नुसती जागा बदलते.

(कार्बन फायबर ब्रश दाखवत.)

हा कार्बन फायबरचा ब्रश. याचे केस वीज वाहून नेतात, म्हणून भार केसांतून तुमच्या हातात आणि हातातून जमिनीकडे जाऊ शकतो. पण त्यासाठी बोटं धातूच्या पट्टीवर हवीत! कित्येक जण प्लास्टिकचं हँडल धरतात आणि म्हणतात, ब्रश काही कामाचा नाही. मोटर चालू ठेवा, ब्रशचं टोक रेकॉर्डवर अलगद टेकवा, इतकं अलगद की केस वाकता कामा नयेत. दोन फेरे तसाच राहू द्या. मग हळूहळू बाहेरच्या कडेकडे तिरपा सरकवत उचला. दाबून घासलात तर ब्रश चांगला असूनही तुम्ही फडक्याचंच काम करताय. आणि ब्रशवर आलेली धूळ लगेच झटका, नाहीतर पुढच्या रेकॉर्डला तीच भेट द्याल.

हे पिस्तूल बघून घाबरू नका. झीरोस्टॅट. 1970 च्या दशकापासून हे मिळतंय. आत पिझो स्फटिक आहे, दाबलं की वीज तयार करणारा. घोडा दाबला की स्फटिक दाबला जातो आणि टोकातून धन आयन, म्हणजे धन भार असलेले कण, बाहेर पडतात, सोडला की ऋण आयन. आयन हवेतून जाऊन रेकॉर्डभर पसरतात, म्हणजे मघाशी बोटाने जे जमलं नाही ते इथे होतं. पण घोडा हळू दाबायचा, आणि सोडायचाही हळू, पाच-पाच सेकंद घेऊन. 'टिक' असा आवाज आला तर घाई झाली असं समजा. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती थाळी, थांबवा, टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, त्याच्या जागी ठेवा, फूटभर अंतरावरून वापरा, आणि कार्ट्रिजच्या दिशेने चुकूनही रोखू नका. मला हे आवडतं, पण खोलीची हवाच कोरडी असेल तर हे उपकरण दर बाजूला चालवावं लागतं आणि हौस फिटते.

हवेबद्दल सांगायचं तर, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की स्टॅटिकचे दिवस सुरू झाले असं धरा. पन्नासच्या आसपास बऱ्याच तक्रारी आपोआप मिटतात. हीटर किंवा एसी सतत चालत असेल त्या खोलीत छोटं आर्द्रतामापक ठेवा. मात्र खोली दमट करून टाकू नका, नाहीतर आगीतून फुफाट्यात. रेकॉर्डवर आणि कव्हरांवर बुरशी धरेल, आणि बुरशी धुळीपेक्षा चिवट.

आता मॅट, म्हणजे प्लॅटरवर रेकॉर्डखाली अंथरायची चकती. बऱ्याच टर्नटेबलबरोबर फेल्टचं मॅट येतं. दिसतं छान. पण रेकॉर्ड उचलली की ते खाली चिकटून वर येतं, आणि सुटून पडतं तेव्हा कुठे पडेल सांगता येत नाही. माझं एकदा थेट टोनआर्मवर पडलं. सुई वाचली, माझा एक श्वास गेला. कॉर्क, रबर किंवा चामड्याचं मॅट घ्या, प्रश्न मिटला. जाडी बदलली तर टोनआर्मची उंची एकदा तपासा.

बेल्टवर चालणाऱ्या टर्नटेबलमध्ये आणखी एक गंमत आहे. रबराचा पट्टा पुलीवर सतत फिरतोय, लागतोय, सुटतोय. शाळेतलं व्हॅन डी ग्राफ जनरेटर, फिरत्या पट्ट्याने भार साठवणारं, आठवतंय? तत्त्व तेच. धातूच्या प्लॅटरवर साठलेल्या भाराला बेअरिंगमधल्या तेलामुळे कधी कधी जमिनीकडे वाट मिळत नाही. मल्टीमीटर असेल तर सगळं बंद करून धातूच्या टोनआर्मपासून ग्राउंडच्या तारेपर्यंत मोजा. रोध जवळपास शून्य यायला हवा. ती तार अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट बसलीय ना, तेही बघा. ती सैल असेल तर बहुधा 'हूंऽऽ' अशी घरघरही सोबत येते.

आणि वरचं पारदर्शक झाकण! ते अ‍ॅक्रिलिकचं असतं. सकाळी कोरड्या कपड्याने चकाचक पुसायचं आणि संध्याकाळी त्याच्याखाली रेकॉर्ड लावायची, म्हणजे धुळीला आमंत्रणच. झाकण ओलसर कपड्याने पुसा.

ही सगळी वरवरची धूळ झाली. बोटांचं तेल, जुना चिकट थर, खाचेच्या तळाशी बसलेला काळा गाळ, हे ब्रशने निघत नाही. तिथे ओली धुलाईच लागते. डिस्टिल्ड पाणी, त्यात रेकॉर्डसाठी बनवलेल्या द्रवाचे सांगितलेले थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल. आडवा नाही. नळाचं पाणी नको, कारण ते वाळलं की त्यातले क्षार खाचेतच राहतात. गरम पाणीही नको, रेकॉर्ड वाकडी होते. लेबल कोरडं ठेवा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळा, कारण राहिलेला साबण सुईवर गोळा होतो. टिपून घ्या आणि उभी ठेवून वाळवा. पाण्याने भारही वाहून जातो, त्यामुळे धुतलेली रेकॉर्ड आश्चर्य वाटावं इतकी गप्प असते. पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूमचं यंत्र असेल तर एक-दोन फेऱ्यांत थांबा. कोरड्या रेकॉर्डवर ते फिरत राहिलं की काढलेली वीज परत भरतं.

एक मात्र कानाला खडा लावून ठेवा. लाखेच्या 78 च्या तबकडीला अल्कोहोल लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पुसाल तेव्हा गाणंच फडक्यावर येईल.

रेकॉर्ड ओली ठेवून वाजवायची एक जुनी पद्धत आहे. आवाज खरंच मऊ येतो. पण ओल वाळली की गाळ तिथेच घट्ट होतो, आणि पुढे ती रेकॉर्ड कोरडी वाजवली की आधीपेक्षा जास्त करकरते. लाकडाचा गोंद ओतून त्याची साल काढणाऱ्यांचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. बघायला मजा येते. पण ती साल सोलताना इतका भार तयार होतो की खोलीतली धूळ धावत येते. स्टॅटिक जावं म्हणून कपडे मऊ करायचे कागद रेकॉर्डवर घासू नका, मागे थर राहतो.

(सुईचा क्लोजअप.)

आता सुई. एलपीच्या एका बाजूची खाच सरळ उलगडली तर साधारण 400 ते 500 मीटर लांब भरते. सुई दर बाजूला तेवढं चालते, आणि वाटेतला कचरा गोळा करत चालते. म्हणून रेकॉर्ड स्वच्छ आणि तरी आवाज फाटतोय, 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतायत, तर आधी सुई बघा. भिंगातून बघितलंत तर टोकाला लोकरीचा गोळा दिसेल. आवाज पूर्ण कमी करा. ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून तुमच्याकडे, फक्त याच दिशेने. डावी-उजवी नाही, पुढून मागे तर मुळीच नाही, तिथेच सुई ज्या बारीक दांडीवर बसलेली असते ती मोडते. बोटाने 'जरासं' झटकणाऱ्यांनी बोट खिशात ठेवावं. मला सोपं वाटतं ते चिकट जेलचं पॅड. सुई त्यावर अलगद उतरवायची आणि उचलायची. बस.

पाकिटांचं थोडक्यात सांगतो. आतलं कागदी पाकीट काढून पॉलिएथिलीनचं अस्तर असलेलं वापरा. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन झिरपून रेकॉर्डवर धुरकट डाग धरतं. आणि रेकॉर्ड काढताना ओढू नका. पाकीट पोटाशी धरून थोडं दाबा, तोंड उघडेल, रेकॉर्ड स्वतःच्या वजनाने कडेवर घरंगळून हातात येईल. काही घासलंच नाही, तर भार कुठून येणार?

(मघाचीच रेकॉर्ड, आता धुऊन वाळवलेली. भार उतरवला, ब्रश फिरवला, सुई पुसली.)

चला, मघाचीच कोरी खाच. ऐका.

(दहा सेकंद शांतता.)

खरखर गेली. 'चट्ट' अजून तरी आला नाही. आणि... हां, हा आला. थांबा... परत. 1.8 सेकंद. हा ओरखडा आहे, मी ही रेकॉर्ड घेतली तेव्हापासूनचा. तो काही जात नाही. गाणं सुरू होतंय, ऐकू या.