दम किती लागला?

(पहाट. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी.)
यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. ही पोरं-पोरी पोलीस भरतीच्या तयारीला लागलीत. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. शिट्टी वाजते. सुरुवातीला थोडी थट्टामस्करी ऐकू येते, पुलापाशी तीही थांबते. आता नुसते बूट आणि धाप. दोन-चार शब्दांच्या वर बोलणं निघत नाही, तेव्हा समजायचं, व्यायाम तीव्र आहे.

(शेताकडे निघालेले काका.)
हे काका रोज पायीच जातात. चाल झपाझप, श्वास वाढलेला, तरी कापसाच्या भावावर बोलणं सुरूच. बोलता येतं, पण गाणं म्हणायला दम पुरत नाही. हा मध्यम व्यायाम. घड्याळ नको, यंत्र नको.

(ओसरीत पडलेलं जातं.)
आपल्या आज्या दळताना ओव्या म्हणत. सूर तुटू न देता दळायचं, म्हणजे हात आपसूक बेतानं चालायचा.

(वेचणी.)
कापूस वेचताना पाठ मोडते, पण गप्पा थांबत नाहीत. थकवा वेगळा, दम लागणं वेगळं. गाठोडं डोक्यावर घेऊन बाया धुऱ्यानं निघाल्या की मात्र बघा, सगळ्या गप्प. यांना व्यायाम शिकवायची आमची छाती नाही.

(पानठेला. रांगेनं उभ्या मोटारसायकली.)
सांगायचं ते इथं. पलीकडच्या शेतात जायलाही किक मारणाऱ्यांना.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी माप दिलंय: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं तीव्र. दोन्हीची सरमिसळ चालते. शिवाय किमान दोन दिवस ताकदीचं काम, जोर-बैठका घ्या की ओझं उचला. आधी सलग दहा मिनिटांची अट होती, तीही आता नाही. शेतात पायी जाणं-येणं धरलं जातं. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस. हृदय, रक्तदाब, साखर, झोप, सगळ्यांनाच याचा फायदा. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर.

(पुन्हा रस्ता. उजाडलंय.)
शेवटची फेरी संपली. गुडघ्यांवर हात टेकून उभ्या पोराला सर विचारतात, "किती लागले रे?"
तो बोटांनी दाखवतो. सहा.