रविवार, संध्याकाळी साडेसहा

(दृश्य : साकुराशिन्माची स्टेशनबाहेरचे ब्राँझचे पुतळे)

टोकियोच्या सेतागाया भागातलं हे साकुराशिन्माची स्टेशन. बाहेर उभं आहे ‘साझाए-सान’ या जपानी कार्टून मालिकेतलं इसोनो कुटुंब. टक्कल पडलेले हे नामिहेइ आजोबा बघा, टाळूवर मोजून एक केस. २०१२ मध्ये हे पुतळे बसले, आणि त्याच वर्षी तो केस कुणीतरी उपटून नेला. नवा लावला, तर तोही गेला!

घरातल्या माणसांची नावं सगळी समुद्राकडची. थोरली मुलगी साझाए, म्हणजे एक खायचा शंख. धाकटा भाऊ कात्सुओ, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा. बहीण वाकामे, म्हणजे शेवाळ. मालवणात कुणी पोरांची नावं सुरमई आणि तिसरी ठेवावीत, तसलाच प्रकार.

माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका सायंदैनिकात चार चौकटींची ही चित्रकथा सुरू केली. ५ ऑक्टोबर १९६९ ला फुजी टीव्हीवर तिची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका झाली, ‘साझाए-सान’. ती अजून चालू आहे. सर्वाधिक काळ चाललेली अ‍ॅनिमेटेड टीव्ही मालिका म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद आहे. साझाएचा आवाज पहिल्या भागापासून एकाच बाईंचा, मिदोरी कातो यांचा. साझाए मात्र अजून चोवीसचीच. नामिहेइ चोपन्नचे. लहानपणी त्यांना आजोबा म्हणून बघणारी कितीतरी माणसं आज त्यांच्यापेक्षा म्हातारी आहेत.

(दृश्य : पारदर्शक सेलवर रंग भरणारा हात)

सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा ताव. त्याच्या पुढच्या बाजूला रेघ, मागच्या बाजूला रंग. बाकीच्यांनी कधीच संगणक धरला, तरी ही मालिका २०१३ पर्यंत असे सेल रंगवत होती. घरातला फोनही अजून तोच, काळा, तबकडी फिरवायचा.

आता आकडे. व्हिडिओ रिसर्च ही कंपनी टोकियोभोवतीच्या कांतो भागात किती घरांत काय लागलंय ते मोजते. १६ सप्टेंबर १९७९ ला ‘साझाए-सान’ला ३९.४ टक्के मिळाले. म्हणजे शंभरातली जवळपास चाळीस घरं एकाच वेळी इसोनोंच्या घरात बसलेली. तरी हा अ‍ॅनिमेचा उच्चांक नव्हे. १९६४ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ने ४०.३ गाठले होते, आणि १९९० मध्ये ‘चिबी मारुको-चान’ने ३९.९. आता ‘साझाए-सान’चा आकडा एक अंकी असतो. पहिल्या दिवसापासूनची प्रायोजक तोशिबा २०१८ मध्ये बाजूला झाली. अडचणीत मालिका नव्हती, कंपनी होती.

अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या संकेतस्थळाच्या पुरस्कारांत जगभरचे चाहते मतं टाकतात. पहिल्याच वर्षी, २०१७ ला, ‘युरी!!! ऑन आइस’ जिंकली. तिथे साझाएचं नाव निघत नाही. निघणार कसं? जपानबाहेर तिला पाहिलंय किती जणांनी! मालिकेच्या कॅसेटी वा डीव्हीडी काढायला हासेगावा तयार नव्हत्या. त्या १९९२ मध्ये गेल्या, त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान मिळाला. सुरुवातीचे जुने भाग अ‍ॅमेझॉन प्राइमवर आले, ते थेट डिसेंबर २०१८ मध्ये.

आपल्याकडे नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा. तोही जपानीच, पण तेव्हा कुणाला पत्ता होता? आपला तो रविवार सकाळचा, म्हणून गोड. साझाएचा रविवार सरत्या संध्याकाळचा. शेवटचं गाणं लागलं की उद्याचं ऑफिस आठवून पोटात गोळा येतो. जपानीत याला नावच पडलंय, ‘साझाए-सान आजार’. माझ्या मते मालिकेला मिळालेला हा सगळ्यात मोठा पुरस्कार.

(दृश्य : टीव्हीसमोर लहान मूल)

पूर्वी शेवटी साझाए खाऊ हवेत उडवून तोंडात झेलायची आणि तिच्या घशात अडकायचा. पोरं नक्कल करतील म्हणून ते बंद झालं. १९९१ पासून ती प्रेक्षकांशी दगड-कागद-कात्री खेळते. मूल पडद्यासमोर मूठ हलवतं. साझाए पाटी वर करते.

कात्री. याचा कागद.

मूल हरलं. पुढचा डाव रविवारी.