हरिकेनच्या अंगावरचे दोन विळे

पडद्यावर दिसणाऱ्या या हरिकेन विमानाच्या अंगावर रंगवलेले गोल बोधचिन्ह जरा जवळून पाहा. कडेने तेरा तारे आहेत, तांबडे-पांढरे पट्टे आहेत आणि मध्यभागी पोलिश शेतकऱ्याच्या टोपीखाली लांब दांड्याचे दोन विळे एकमेकांवर तिरपे ठेवलेले आहेत. विमान ब्रिटनचे, विळे पोलंडचे आणि तारे अमेरिकेचे. हे तिन्ही एका जागी कसे आले, हे समजण्यासाठी १९१९ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी मेरियन कूपर आणि सेड्रिक फाँटलरॉय हे अमेरिकी वैमानिक आपल्या काही सहकाऱ्यांसह नव्याने स्वतंत्र झालेल्या पोलंडच्या मदतीला स्वेच्छेने आले आणि रशियाच्या बोल्शेविक (साम्यवादी) फौजांविरुद्ध लढले. त्यांच्या तुकडीला नाव देण्यात आले ते तादेउश कोशचुश्को यांचे. हे पोलिश सेनानी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढले होते आणि मायदेशी परतल्यावर १७९४ च्या उठावात त्यांनी शेतकऱ्यांना विळे घेऊन रणात उतरवले होते. तुकडीतल्याच एलियट चेस या अमेरिकी वैमानिकाने हे चिन्ह रेखाटले.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंड पडला. वैमानिक रुमानिया आणि हंगेरीमार्गे फ्रान्सला पोहोचले आणि फ्रान्सही पडल्यावर ब्रिटनला आले. २ ऑगस्ट १९४० रोजी लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्ट येथे ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, उभी राहिली, तेव्हा जुन्या तुकडीच्या नावाबरोबर ते चिन्हही तिच्याकडे आले. रूढ अर्थाने हे स्वयंसेवक नव्हते, तर आपले सरकार परागंदा झालेले असताना परक्या भूमीवरून लढणारे सैनिक होते.

त्यांची पहिली झुंज मात्र सवयींशी होती. ज्या विमानांवर त्यांचे हात बसले होते, त्यांत वेग वाढवायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढावा लागे, तर हरिकेनमध्ये तोच पुढे ढकलायचा असे. पोलंडच्या पी-११ विमानाची चाके कायम खालीच असत, त्यामुळे इथे उतरताना ती सोडायचे राहून जाई आणि विमान पोटावर घासत जाई. वेग मैलांत, उंची फुटांत, इंधन गॅलनांत, आणि रेडिओवरचे हुकूम इंग्रजीत. स्क्वाड्रन लीडर रोनाल्ड केलेट पोलिश अधिकाऱ्यांशी चक्क फ्रेंचमध्ये बोलून वेळ निभावत.

३० ऑगस्टला सराव चालू असताना लुडविक पाश्किएविच यांना दूरवर जर्मन विमाने दिसली. त्यांनी केलेट यांना कळवले, उत्तर आले नाही, तेव्हा ते रांग सोडून निघाले आणि एक विमान पाडूनच परतले. त्यांची शिस्तभंगाबद्दल कानउघाडणी झाली आणि अभिनंदनही झाले. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईत उतरली.

शत्रूची विमाने पाडल्याचे या वैमानिकांचे दावे इतके मोठे होते की विमानतळाचे प्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट यांना शंका आली आणि ते स्वतः विमान घेऊन त्यांच्या मागे गेले. ब्रिटिश वैमानिकांना शिकवले जाई त्याहून कितीतरी जवळ जाऊन हे लोक गोळीबार सुरू करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांची शंका फिटली. सहा आठवड्यांत १२६ विमाने स्क्वाड्रनच्या नावावर लागली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला आहे. हवाई लढाईच्या धुमश्चक्रीत एकाच विमानावर अनेकांनी हक्क सांगणे सगळीकडेच घडत होते. १७ विमाने नावावर असलेले योसेफ फ्रांतिशेक हे तर पोलिशही नव्हते. ते चेक होते, रांगेत टिकत नसत आणि परतीच्या वाटेवरील जर्मन विमाने गाठायला एकटेच जात. ८ ऑक्टोबरला त्यांचे विमान लंडनजवळ कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला.

याच युद्धाने देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती.

त्याच १९४३ मध्ये, ३०३ स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेले विटोल्ड उर्बानोविच चीनमध्ये पोहोचले. तिथल्या अमेरिकी हवाई दलात ते स्वेच्छेने दाखल झाले आणि जपान्यांविरुद्ध लढले. आदल्या वर्षी त्याच चीनमध्ये अमेरिकी सेनापती शेनॉल्ट यांच्या कार्यालयाचा कारभार एक अनुभवी अधिकारी पाहत होता. त्याचे नाव मेरियन कूपर.