एकशे चार पायऱ्या : रेल्वेनं मार्सेय

[पडद्यावर काळोख. फक्त बोगद्यातून धावणाऱ्या गाडीचा आवाज.]

गाडी या बोगद्यात शिरली की डब्यात चुळबुळ सुरू होते. कुणी वरच्या फळीवरची बॅग काढतं, कुणी झोपलेल्या पोराला हलवून जागं करतं. बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे, पण या वेगात तो लवकर सरतो. मग एकदम ऊन, इतकं लख्ख की डोळे मिटावेत. खिडकीबाहेर पांढरट दगडाच्या टेकड्या, त्यांच्या अंगाखांद्यावर इमारती, आणि गाडीचा वेग उतरत जातो.

मार्सेय आलं.

आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत हे नाव 'मार्सेलिस' असं छापलेलं सापडतं. शाळेत ते कानावर पडतं ते एका उडीमुळे. त्या उडीकडे आपण येऊच. पण आधी या शहरात पाऊल ठेवू, आणि तेही स्टेशनातूनच. विमानतळ शहरापासून लांब आहे. गाडी मात्र तुम्हाला थेट शहराच्या माथ्यावर आणून सोडते.

[पॅरिस, गार द लियों. फलाटांचा मोठा फलक.]

पॅरिसहून मार्सेयच्या गाड्या गार द लियों या स्टेशनातून सुटतात. अंतर साधारण ७५० किलोमीटर, वेळ तीन तासांहून थोडा जास्त. या वेगवान गाडीला, टीजीव्हीला, आरक्षण लागतंच. फलाटाचा आकडा सुटायच्या जेमतेम वीसेक मिनिटं आधी फलकावर येतो आणि गर्दी एकाच दिशेला लोटते. दारं दोन मिनिटं आधी बंद होतात. धावत्या गाडीचा दांडा पकडून चढायची सवय इथे उपयोगाची नाही.

जागा निवडता आली तर डावीकडची खिडकी घ्या. एक्स स्टेशन यायच्या जरा आधी एका उंच पुलावरून दूरवर करड्या दगडाचा एकच भला मोठा डोंगर दिसतो. हा सँत-व्हिक्तुआर. चित्रकार सेझान याच मुलखातला. हा डोंगर त्यानं कितीदा रंगवला असेल! चित्रं आधी पाहिलेली असली तर डोंगर ओळखीचा वाटतो, नसली तरी नजर हटत नाही.

या मार्गाचा शेवटचा टप्पा, व्हालांसपासून मार्सेयपर्यंतचा, २००१ मध्ये सुरू झाला. त्याआधी, २६ मे २००१ रोजी, फ्रान्सच्या उत्तर टोकाच्या कॅलेहून एक गाडी न थांबता मार्सेयपर्यंत आणली गेली. १,०६७ किलोमीटर, ३ तास २९ मिनिटं. या मोहिमेचं नाव होतं 'सार्डिन', म्हणजे तारलीच्या जातीची मासळी. मार्सेयचे लोक गोष्ट वाढवून सांगतात, त्यांच्या बंदराचं तोंड म्हणे एका सार्डिननं अडवलं होतं, असं बाकीचा फ्रान्स त्यांना चिडवतो. खरी हकीकत १७८० ची. पाँडिचेरीत इंग्रजांच्या हाती पडलेले आणि पुढे सोडलेले फ्रेंच कैदी घेऊन 'सार्तीन' नावाचं जहाज परतत होतं. ते बंदराच्या तोंडाशी बुडालं आणि वाट बंद झाली. सार्तीनची झाली सार्डिन. हिंदुस्थानातून निघालेल्या जहाजाचं नाव असं फिरत फिरत फ्रान्सच्या सर्वांत वेगवान गाडीला चिकटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

[सां-शार्ल स्टेशन. दारातून बाहेर येणारा कॅमेरा.]

हे सां-शार्ल. ८ जानेवारी १८४८ रोजी सुरू झालेलं. रूळ इथे संपतात, आपल्या सीएसएमटीसारखे. इथे थांबून पुढे नीसकडे जाणारी गाडी उलट्या तोंडानं बाहेर पडते. नवखा प्रवासी दचकतो, गाडी परत निघाली की काय!

स्टेशन टेकाडावर, शहर खाली. सुरुवातीला या दोहोंना जोडणारी धड वाट नव्हती. सामान घेऊन गल्लीबोळांतून खाली उतरायचं. १९२७ साली हा भव्य जिना खुला झाला, स्टेशन उघडल्यानंतर तब्बल ७९ वर्षांनी. पायऱ्या १०४.

वरच्या पायरीवर थांबा. घाई करू नका. समोर उतारावर पसरलेली कौलारू छपरं आणि पलीकडच्या टेकडीवर चर्च, त्याच्या शिखरावर सोन्यासारखी चमकणारी मूर्ती. जिन्यावर पोरं बसलेली असतात, कुणी गिटार वाजवतं, कुणी बॅगेवर डोकं टेकून गाडीची वाट बघतं.

उतरताना दोन्ही बाजूंना दगडी शिल्पं लागतात. शिल्पकार लुई बोतिनेली. एक 'आशियातल्या वसाहती', दुसरं 'आफ्रिकेतल्या वसाहती'. वसाहती म्हणजे लोळणाऱ्या, अर्धवस्त्र बायका. कारागिरी उत्तम आहे, पण मला ती बघताना त्रास होतो. ज्यांच्या देशांतून मसाले, तेलबिया आणि माणसं या बंदरात उतरली, त्यांना शहरानं आपल्या उंबऱ्यावर असं बसवलं. आज त्याच जिन्यावरून अल्जीरिया, कोमोरो, सेनेगलमधल्या घराण्यांची नातवंडं कॉलेजला जातात.

[मेट्रो. रबरी चाकांचा घरघराट.]

जिना उतरून चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत समुद्र. पाय दुखत असतील तर स्टेशनाखालीच मेट्रो आहे. दोनच मार्ग, पहिला १९७७ मधला. गाडीला रबरी टायर आहेत. पहिल्या मार्गानं दुसरं स्टेशन व्यू पोर, जुनं बंदर. तासाभराच्या एकाच तिकिटावर मेट्रो, ट्राम आणि बस बदलता येते.

दुसऱ्या मार्गानं एकच स्टेशन पुढे गेलात तर नोआय. इथे जमिनीखाली ट्रामचं जुनं स्थानक आहे. १९६० मध्ये शहरानं बाकी सगळ्या ट्राम मोडीत काढल्या. एवढी एकच उरली, कारण ती बोगद्यातून निघायची आणि त्या बोगद्यात बस घालणं शक्य नव्हतं. वर आलात की बाजार. जिरं, धने, हळद, लाल तिखट, पुदिन्याच्या जुड्या. नाकानं वाट काढत हिंडावं असा.

[जुनं बंदर, सकाळ. कोळ्यांच्या होड्या.]

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकेया या ग्रीक शहरातून खलाशी आले आणि या खाडीत त्यांनी गाव वसवलं. तेव्हापासून इथे होड्या लागताहेत. सकाळी धक्क्यावर कोळी आपली मासळी मांडतात. वर नॉर्मन फॉस्टरचं आरशासारख्या पोलादाचं छत आहे, २०१३ मधलं. मान वर केली की आपण उलटे दिसतो. एका काठाहून दुसऱ्या काठाला जायला छोटी फेरीबोट आहे, १८८० पासून चालू. अंतर तीनशे मीटरही नाही.

उत्तरेचा काठ नीट बघा. मागच्या टेकडीवर ले पानिये ही जुनी वस्ती आहे, अरुंद गल्ल्या, वाळत घातलेले कपडे. पण पाण्यालगतच्या इमारती नव्या, एकसारख्या. का?

१९४३ च्या जानेवारीत जर्मन सैन्य आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून हा भाग वेढला. वीस हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर काढली. मग सुमारे १,५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. सतराव्या शतकातली नगरपालिकेची इमारत तेवढी मोजक्या वास्तूंबरोबर वाचली. आणि आरेंकच्या मालधक्क्यावरून गाड्या सुटल्या. त्यातल्या एका गाडीनं १,६४२ माणसं कोंपिएन्यच्या छावणीकडे नेली. त्यांतल्या जवळपास ८०० ज्यूंना पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवलं गेलं. रेल्वेच्या कौतुकानं भरलेल्या या चित्रफितीत ही गाडीही यायलाच हवी होती.

[क्षणभर शांतता. मग बंदराचे आवाज.]

आता ती उडी.

बॅलार्ड पिअरवरून विलायतेला निघालेली मंडळी एके काळी इथेच बोटीतून उतरत आणि रेल्वेनं कॅलेला जात. स्पेनला वळसा घालून बिस्केच्या खवळलेल्या उपसागरातून जाणं टळे, दिवस वाचत. मुंबई आणि मार्सेयचं नातं ते हे, टपालाचं आणि आगगाडीचं.

१९१० च्या मार्चमध्ये विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून लंडनला पोचले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवरच पकडले गेले. जुलैत त्यांना 'मोरिया' बोटीनं हिंदुस्थानात नेलं जात होतं. ८ जुलैच्या सकाळी, बोट मार्सेयला नांगरलेली असताना, त्यांनी शौचकुपाच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रेंच पोलिसानं पकडलं आणि पुन्हा बोटीवर सोपवलं. फ्रान्सच्या भूमीवरून असं परत देता येतं का, हा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

इथे येणारे मराठी लोक जुन्या बंदराच्या काठावर उभे राहून 'ती जागा कुठली?' असं विचारतात. तिथे शोधू नका. मोठ्या आगबोटींना ते बंदर उथळ आणि तोकडं पडत होतं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तरेला जोलिएतची नवी गोदी बांधली गेली, आणि पुढे ती वाढत गेली. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर जोलिएत हे स्टेशनच आहे. बाहेर पडा आणि समुद्राच्या दिशेनं चाला. कुंपणापलीकडे आज कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणारी जहाजं लागतात. धक्क्याच्या उभ्या भिंती बघितल्या की कळतं, पोहत येऊन यावर चढणं म्हणजे काय.

तिथूनच पाण्याच्या कडेनं परत आलात की म्यूसेम लागतं, काळ्या काँक्रीटच्या जाळीतलं संग्रहालय. आत जायला तिकीट आहे, पण गच्ची आणि तिथून किल्ल्याकडे जाणारा पूल सगळ्यांना खुला आहे.

[६० नंबरची बस. चढ.]

स्टेशनच्या पायरीवरून दिसलं होतं ते चर्च, नोत्र-दाम द ला गार्द. ६० नंबरची बस जुन्या बंदरावरून थेट वर नेते. मूर्ती अकरा मीटरहून उंच. इथले लोक तिला 'बोन मेर' म्हणतात, म्हणजे माउली. आत छताला लहान लहान जहाजं टांगलेली आहेत. भिंतींवर संगमरवरी पाट्या, वादळातून वाचलो म्हणून, मुलगा बरा झाला म्हणून. हे नवस आहेत, फेडलेले. कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. बाहेरच्या भिंतीवर १९४४ च्या ऑगस्टमधल्या लढाईच्या गोळ्यांचे वण अजून आहेत.

दक्षिणेला कालांक, पांढऱ्या कड्यांमधल्या निळ्या खाड्या. तिकडे बसनं जायचं. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाटा बंद होऊ शकतात, आणि सुजितोंच्या खाडीत गर्दीच्या महिन्यांत दिवसाला फक्त ४०० जणांना, तेही आधी नोंदणी करून, प्रवेश मिळतो. वाटेतच वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची १९५२ ची सिते रादियूज आहे. खांबांवर उभी ३३७ घरांची एकच इमारत. चंडीगड पाहिलं असेल तर हा हात लगेच ओळखाल.

[सां-शार्ल. दुपार. निळी-करडी स्थानिक गाडी.]

आणि शेवटी पुन्हा स्टेशन. कारण या शहरातली माझी सर्वांत आवडती गोष्ट एक लोकल गाडी आहे.

मिरामासकडे समुद्राकाठानं जाणारी गाडी विचारा. लोक या किनाऱ्याला 'निळा किनारा' म्हणतात. हा मार्ग १९१५ मधला, अभियंता पोल सेजुर्ने. आरक्षण नाही, तिकीट काढा आणि बसा, डावीकडे. आधी गोदीच्या याऱ्या, मग एस्ताक. इथे १९०८ मध्ये चित्रकार ब्राकनं आपल्या चित्रांत घरं अशी रंगवली की टीकाकारांना त्यात नुसते ठोकळे दिसले, आणि त्यावरूनच पुढे त्या चित्रशैलीला घनवाद हे नाव पडलं. एस्ताकनंतर डोंगर थेट पाण्यात उतरतो. बोगदा, दगडी कमानींचा पूल, पुन्हा बोगदा. प्रत्येक पुलाखाली एक चिमुकली खाडी, चार होड्या, पाचसहा घरं. कोकणातल्या माणसाला घशात काहीतरी दाटल्यासारखं होईल.

निओलोंला उतरा. स्टेशन वर, बंदर खाली, इथेही. दगडावर बसा, पाण्यात पाय सोडा. मात्र परतीच्या गाडीची वेळ स्टेशनातच बघून ठेवा, गाड्या थोड्या आहेत.

परतताना उजवीकडची खिडकी धरा. एस्ताक मागे पडलं की खाडीपलीकडे सगळं मार्सेय एका ओळीत उभं राहतं, गोदी, किल्ला, आणि टेकडीवर माउली. ऊन उतरलेलं असतं. शहरावर सावली आलेली असते, मूर्तीवर अजून नाही.

[गाडी सां-शार्लच्या फलाटाला लागते. दारं उघडतात.]