रंकाळ्यावरचं घर आणि 43 फूट पाणी

(पडद्यावर: तांबड्या रश्श्याची वाटी, वर तवंग)

हा आपला तांबडा रस्सा. याच्याबद्दल एक साधं वाक्य घेऊ, "रस्सा निखाऱ्यासारखा लालभडक आहे." शाळेत सांगितलं ही उपमा, पेपरात तेवढं लिहिलं की मार्क पडले आणि विषय संपला. पण या एवढ्याशा वाक्यात चार पार्ट आहेत बघा. ज्याच्याबद्दल बोलतोय तो रस्सा, ते उपमेय. ज्याच्याशी जुळवलं तो निखारा, ते उपमान. दोघांत सारखं काय तर लालभडकपणा, तो समान धर्म, आणि जुळणी करणारा "सारखा" हा साम्यवाचक शब्द.

खरी मजा पुढं आहे. हे पार्ट जरा इकडचे तिकडे केले की अलंकाराचं नावच बदलतं. "रस्सा जणू निखाराच" म्हटलं की झाली उत्प्रेक्षा. "जणू"पण काढून टाकलं, "रस्सा म्हणजे निखारा" असं दोघांना एकच करून टाकलं की रूपक. "ह्यो रस्सा न्हवंच, निखारा हाय" म्हणून रश्श्यालाच नाकारलं की अपन्हुती. "रस्सा हाय का निखारा?" असा प्रश्न पडला की ससंदेह. "निखारापण ह्याच्यापुढं फिका" म्हटलं की व्यतिरेक, म्हणजे उपमान हरलं. आणि कोल्हापूरचा माणूस शेवटी जिथं पोचतोच ते वाक्य, "तांबड्यासारखा तांबडाच!" तुलनेला दुसरं काही सापडतच नाही, त्याला म्हणतात अनन्वय. मला वाटतं अलंकार असेच शिकवावेत, एकच वाक्य घेऊन हळूहळू वाकवत न्यायचं, म्हणजे पाठ करायची गरजच उरत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. नंतर यादी वाढत वाढत गेली आणि सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी कुवलयानंद लिहिला तोवर ती शंभराच्या वर गेली होती. सगळे माहीत असायलाच पाहिजेत असं काही नाही, पण त्या यादीतला एक कोल्हापूरकरांनी ऐकलाच पाहिजे.

(पडद्यावर: रिक्षाच्या मागच्या काचेवर रंगवलेली अक्षरं, "जाळ अन् धूर संगटच")

आधी जाळ, मग धूर. जाळ हे कारण आणि धूर हा परिणाम, आणि कारणाच्या मागनं परिणाम यायचा ही जगाची रीत. पण आपल्याकडं एखादा पैलवान असा सुटतो की कारण आणि परिणाम एकदमच, मधे वेळच नाही. कुवलयानंदात अतिशयोक्तीचे प्रकार दिलेत, त्यात जिथं कारण आणि कार्य एकाच वेळी घडतं तिला नाव आहे अक्रमातिशयोक्ती. रिक्षावर लिहिणाऱ्या पेंटरनं ते पुस्तक वाचलेलं असायची काहीच गरज नाही, आणि तरी व्याख्या शंभर टक्के बसते, मला हे फार भारी वाटतं.

शब्दालंकार कुठला आणि अर्थालंकार कुठला यात पोरांचा गोंधळ होतो. त्याला एक सोपी टेस्ट आहे, शब्द बदलून बघायचा. "निखारा" काढून "इंगळ" घाला, उपमा तशीच राहते, म्हणजे ती अर्थाची. पण "बळी तो कान पिळी" मधला "बळी" काढून "ताकदवान" घाला, अर्थ तोच राहिला पण यमक गेलं, म्हणजे तो शब्दाचा.

(पडद्यावर: संध्याकाळचा रंकाळा, काठावर गर्दी)

आता हे वाक्य ऐका. "आमचं घर रंकाळ्यावर आहे." नीट विचार केला तर रंकाळ्यावर म्हणजे पाण्यावर घर कसं असेल? पण ऐकणारा एक सेकंदपण अडखळत नाही, त्याला काठ कळतो. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा. तो सरळ अर्थ अडला, आणि मग त्याला चिकटून असलेला दुसरा अर्थ आपण घेतला, की ती लक्षणा. संस्कृत काव्यशास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण आहे "गंगायां घोषः", म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती, अगदी आपल्या रंकाळ्यासारखंच. आणि ते पुढं विचारतात की सरळ "काठावर" का म्हटलं नाही? तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला चिकटावं म्हणून. रंकाळ्यावर राहणाऱ्यालापण तो गार वारा पत्त्यासोबत सांगायचाच असतो की!

शाहू स्टेडियमवर मॅच संपली की "पेठ जिंकली" म्हणतात, खेळले अकरा जण पण जिंकली पेठ, तीपण लक्षणाच. आणि कुणी "लईच शाना हाईस" म्हणालं की अर्थ बरोबर उलटा घ्यायचा, ती विपरीत लक्षणा. घरात बांगडी फुटली की आजी "वाढवली" म्हणते तेसुद्धा यातलंच, फुटणं तोंडातनं काढायचं नाही म्हणून वाढणं.

(पडद्यावर: राजाराम बंधारा, पावसाळ्यातली पंचगंगा)

अभिधा आणि लक्षणा या शब्दाच्या अर्थ पोचवायच्या दोन शक्ती झाल्या. तिसरी शक्ती व्यंजना, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणारी, आणि खरं सांगायचं तर हा व्हिडिओ तिच्यासाठीच केलाय. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो, पाणी किती? राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी. आता "पाणी 43 फुटावर गेलं" हे वाक्य बघा, यात उपमा नाही, रूपक नाही, शब्द अडतपण नाही, नुसता आकडा आहे. पण प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत तेच ऐकलं की अर्थ होतो जनावरं सोडा, धान्य वर टाका, चला. एसटीच्या ड्रायव्हरला ऐकू येतं की आज रस्ता बंद. शाळेतल्या पोराला सुट्टी ऐकू येते. भाजी विकणाऱ्या मावशीला कळतं की उद्या माल यायचा नाही. आणि 2019 चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांच्या पोटात गोळा येतो. एवढं सगळं त्या वाक्यात कुठं लिहिलंय? कुठंच नाही, आणि तरी प्रत्येकाला आपापलं बरोबर पोचतं.

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं काव्यप्रकाशात हेच दाखवलंय. त्याचं वाक्य होतं "गतोऽस्तमर्कः", सूर्य मावळला, बस. पण कुणाला त्यातनं कळतं काम थांबवा, कुणाला कळतं गायी घरी आणा, कुणाला संध्या करायची आठवते, कुणाला वाटतं आता उकाडा कमी होईल. सरळ अर्थ सगळ्यांना एकच, पण बोलणारा कोण, ऐकणारा कोण, वेळ कुठली यावर सूचित अर्थ बदलत जातो. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनानं याला ध्वनी म्हटलं आणि काव्याचा आत्मा हाच असं ठामपणे लिहिलं, त्यावर पुढं पंडितांत चांगलीच भांडणं झाली. काहीजण म्हणाले वेगळी व्यंजना कशाला, हा तर नुसता अंदाज आहे, धूर दिसला की जाळ असणार म्हणतो तसा. पण अंदाज सगळ्यांना सारखाच यायला पाहिजे ना? 43 फूट ऐकून चिखलीच्या शेतकऱ्याला एक कळतं आणि राजारामपुरीतल्या दुकानदाराला दुसरंच, म्हणून मी तरी आनंदवर्धनाच्या बाजूनं.