उघाडी : खारातल्या भातापासून सेक्टरपर्यंत

वरून हे जे दिसतंय ना, खाडी, मग खारफुटीचा पट्टा आणि त्याला खेटून लगेच टॉवर, तर नवी मुंबईतल्या वाशी-कोपरखैरणेच्या या भागात आधी भातखाचरं होती, आगरी-कोळ्यांची. आणि ही जमीन आयती मिळालेली नाही बरं, भरतीचं पाणी अडवून कमावलेली.

आता हा बांध बघा. हा उरणकडचा आहे, कारण इकडे शूट करायला तसा बांध राहिलाच नाही. खाडीतलाच चिखल हातोहात देऊन रचायचा, खाडीच्या बाजूने दगड लावायचे आणि मध्ये ही लाकडी झाप, हीच उघाडी. भरती आली की खाडीचं पाणीच तिला बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, ना मोटर लागते ना वॉचमन. पहिला पाऊस नुसता मीठ धुवायला. मग मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, म्हणजे रहू. पिकायचा राता, खार सोसणारा लाल तांदूळ. आणि उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर रात्री का असेना, अख्खं गाव टोपल्या घेऊन बांधावर, कारण पाणी काय सातबारा बघून शिरत नाही.

1970 ला सिडको आली, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांची जमीन या नव्या शहरासाठी, मुंबईची गर्दी इकडे वळवायची म्हणून. 1973 ला खाडीपूल झाला, मग घाऊक मार्केट आलं, 1992 ला वाशीपर्यंत लोकल. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

आणि हा सेक्टरमधला धारण तलाव. जॉगिंग ट्रॅकवाल्यांना विचारलं तर सांगतात तलाव आहे, बस. पण भरतीला खाडीकडचं दार बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीला बाहेर. डच पद्धत म्हणून याचं कौतुक होतं, होऊ दे, पण ही झाप तुम्ही आत्ताच पाहिलीत! फरक एवढाच की उघाडीतला गाळ गावकरी स्वतः काढायचे, इथे तलावात गाळ साचून खारफुटी उगवली आणि आता तिला हात लावायचा तर परवानग्या.

हे गावठाण. सेक्टरचा रस्ता भराव टाकून उंच केलेला, त्यामुळे या घरात तीन पायऱ्या उतरून जावं लागतं आणि जोराचा पाऊस झाला की पाणी पहिलं इथेच. ज्यांनी पाणी बाहेर ठेवलं त्यांच्याच घरात! वरचे दोन मजले मुलांसाठी चढवलेले, गरजेपोटीचं बांधकाम, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेलं, ते कायम करायचे जीआर निघालेत, पण लोक अजून फाईल घेऊन फिरतायत.