गार्गीचा प्रश्न, सोयराबाईचा युक्तिवाद
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो, नमस्कार.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात स्त्रिया कोण, असं विचारलं की गार्गी-मैत्रेयी ही नावं लगेच येतात. त्या नेमकं काय म्हणाल्या, इथे मात्र गाडी अडते. प्रश्न त्यांनी विचारले; आपण पाठ केली ती उत्तरं. म्हणून आज त्यांचे प्रश्नच उलगडून पाहू.

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनक राजाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्य ऋषीला दोनदा प्रश्न विचारते. सोलापूरच्या साखर पेठेत मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना तिचा प्रश्न पटकन उमगेल, कारण तो विणकामाच्याच भाषेत आहे. हे सगळं पाण्यावर उभं-आडवं विणलेलं असेल, तर पाणी कशावर विणलंय? वायूवर. वायू कशावर? अंतरिक्षावर. अशी ती एकेक पायरी चढत ब्रह्मलोकापर्यंत जाते. आडव्या धाग्याला उभा धागा धरतो, उभ्याला बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, बीमला माग. मग मागाला कोण धरतो? याज्ञवल्क्य इथे तिला थांबवतो. आणखी विचारशील तर डोकं गळून पडेल, असं बजावतो.

ती बसते, पण त्याच अध्यायाच्या आठव्या ब्राह्मणात, म्हणजे आठव्या प्रकरणात, पुन्हा उठते. या वेळी दोनच प्रश्न आणते आणि म्हणते, योद्धा धनुष्याला दोरी चढवून दोन बाण घेऊन उभा राहतो तशी मी उभी आहे. पहिला प्रश्न: द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली, त्यांच्या मध्ये जे आहे, आणि जे झालं, आहे, होईल, ते सगळं कशात विणलंय? उत्तर येतं, आकाशात. दुसरा: मग आकाश कशात? आता पळवाट उरत नाही. याज्ञवल्क्याला अक्षरतत्त्व, म्हणजे कधी न झिजणारं तत्त्व, सांगावं लागतं, आणि तेही ‘स्थूल नाही, सूक्ष्म नाही, आखूड नाही, लांब नाही’ अशा नकारांनीच. त्यावर सभेला निवाडा कोण देतं? गार्गीच. याला वादात कुणी हरवणार नाही, नमस्कार करून सुटलात तरी पुष्कळ समजा, असं ती पंडितांना सुनावते.

प्रश्न गळून पडतो कसा, याचं स्वच्छ उदाहरण युरोपात आहे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने मे 1643 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला लिहिलं: ढकलायचं तर स्पर्श लागतो, स्पर्शाला आकारमान लागतं, तुमच्या मते आत्म्याला आकारमानच नाही, मग तो शरीर हलवतो कसा? देकार्तने वजनाचा दाखला दिला: वजन वस्तूला स्पर्शाविनाच खाली ओढतं, तसंच हे. तिला तो पटला नाही. तिने स्वतःची पत्रं छापू दिली नाहीत. देकार्तची 1657 पासून छापून आली. तिची सापडून प्रसिद्ध झाली 1879 मध्ये. दोनशेहून अधिक वर्षं लोक उत्तरं वाचत होते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. सोलापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मंगळवेढं, चोखोबांचं गाव. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांच्या विटाळाच्या अभंगात चोख तर्क आहे. देहाला सगळे विटाळ म्हणतात. पण विटाळ देहातच जन्मला, आणि त्याच्यावाचून जगात एकही देह घडत नाही. मग सोवळा झाला कोण? ज्या कसोटीने मला बाहेर ठेवता, तीच लावली तर आत कुणीच उरत नाही. प्रतिपक्षाचं गृहीतक मान्य करून ते त्याच्यावरच उलटवणं, ही पद्धत कुठल्याही तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. आपण मात्र तो अभंग ‘भक्ती’च्या कप्प्यात ठेवून दिला. त्यात भर म्हणजे शेवटी नाममुद्रा, म्हणजे रचनाकाराची सही, आहे ‘महारी चोखयाची’. ‘सोयरा’ एवढंच शोधाल तर हा अभंग हाती लागणार नाही, म्हणून नाममुद्रेचे पर्यायही शोधा.

मंडळात या प्रश्नांचा वर्ग घ्यायचा तर दहा-बाराजण, दीड-दीड तासाच्या चार बैठका पुरतात. आधी फक्त प्रश्न मोठ्याने वाचा, उत्तर झाकलेलं. मग प्रत्येकाने तो स्वतःच्या एका वाक्यात लिहायचा. याला पंधरा मिनिटं द्याच, घाई केली की लोक ऐकीव उत्तरच प्रश्न म्हणून लिहितात. त्यानंतर उत्तर उघडा आणि विचारा, यात प्रश्न सुटला की टळला?

बैठक बिघडते ती बहुतेक चरित्रामुळे. चमत्कार, लग्न, छळ यांत तास जातो आणि युक्तिवाद राहून जातो. दुसरा खड्डा म्हणजे गार्गीवरून ‘पूर्वी स्त्रियांना केवढा मान होता’ असा निष्कर्ष काढणं. डोकं गळण्याची धमकीही त्याच पानावर आहे, ती वगळू नका.

अक्कमहादेवींच्या बैठकीत जास्त सांभाळावं लागतं. त्या बाराव्या शतकातल्या कन्नड संतकवयित्री, आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या. त्यांच्याच काळातले संत अल्लमप्रभू यांनी त्यांची घेतलेली परीक्षा आपण ‘शून्यसंपादने’ या कन्नड संवादग्रंथात वाचतो, पण तो ग्रंथ पंधराव्या शतकात रचला गेला. म्हणून अक्कमहादेवींच्या ‘चेन्नमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेची वचनं (छोट्या कन्नड रचना) एका कागदावर आणि संवादाची मांडणी दुसऱ्यावर घ्या. फळ आतून पिकल्याशिवाय सालीचा रंग पालटत नाही, हे अक्कमहादेवींचं उत्तर आधी सुटं वाचा, मग संवादात. त्याचा रोख कुठे बदलतो ते दिसेल.

मुलांबरोबर सुरुवात सोयराबाईंपासून करा. भाषा सोपी आहे आणि ‘मग सोवळा कोण?’ यावर ती लगेच बोलू लागतात. पहिल्या बैठकीचे कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. याज्ञवल्क्याची उत्तरं दुमडून चिकटवली आहेत, ती बैठकीतच उघडायची.